दऱ्या, दर्या आणि संगणकीय लेखनसाधने

संगणकासाठी आज्ञावली लिहिणारा किंवा संकेतस्थळे उभारणारा तंत्रज्ञ आपल्या साधनांविषयी कमालीचा आग्रही असतो. १९७६ साली उदयास आलेल्या ‘व्हीआय’ आणि ‘ईमॅक्स’ या दोन संपादन-साधनांच्या पुरस्कर्त्यांमधील वाद जवळजवळ अर्धशतक उलटले तरी शमलेला नाही. बाहेरच्या माणसाला हा वाद हट्टाचा वाटतो. परंतु हातातील साधन कामाच्या घडणीवर परिणाम करते, ही रास्त जाणीव त्यामागे आहे. याउलट ज्याचा सारा व्यवहार शब्दांशी आहे असा मराठीचा अभ्यासक लेखनाच्या साधनाविषयी उदासीन आढळतो. प्रबंध कोणत्या फाँटात टंकलिखित करावयाचा, हा निर्णय तो टंकलेखकावर सोपवतो. ही उदासीनता वाङ्मयीन संशोधनाला महागात पडणारी आहे आणि लेखनसाधनाची निवड हा केवळ तांत्रिक सोयीचा प्रश्न नसून संहिताचिकित्सेचा प्रश्न आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

साधनाची परीक्षा पाहण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. लोणावळ्याच्या परिसराविषयी एक साधे वाक्य लिहावयास घेतले तरी पुरे. गावाच्या नावातच ‘ण’ आणि ‘ळ’ ही दोन अक्षरे आहेत. पैकी ‘ळ’ला प्रमाण हिंदीत स्थान नाही. पुढे घाटाखालच्या दऱ्या आणि इंद्रायणीच्या खोऱ्यातील गावे यांचा उल्लेख आला की मराठीच्या खास लेखनपद्धतीशी गाठ पडते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ हे ‘दरी’चे अनेकवचन. पहिल्या शब्दात रफार आहे, दुसऱ्यात आडवा अर्धा ‘र’. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या जोडीतही हाच भेद आहे व तो अर्थाचा भेद आहे. ज्या साधनात हा अर्धा ‘र’ सहज उमटत नाही, ते साधन मावळच्या दऱ्याखोऱ्या बिनदिक्कत समुद्रात बुडवते, आणि मुद्रितशोधकही पुष्कळदा त्याला शरण जातो. वस्तुतः भारतीय भाषांसाठी प्रमाणित झालेल्या ‘इनस्क्रिप्ट’ कळफलकावर ‘र’ आणि ‘ऱ’ एकाच कळीवर आहेत. शिफ्टची कळ दाबताच दुसरा मिळतो. सोय आहे, तिचे ज्ञान नाही.

येथे अलीकडील इतिहास थोडक्यात पाहावयास हवा. आय.आय.टी. कानपूर येथे आरंभ झालेले ‘जिस्ट’ हे तंत्र पुढे १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत विकसित झाले. भारतीय लिप्यांसाठीची ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९९१ साली भारतीय मानक म्हणून स्वीकृत झाली. तिच्या १९८८ च्या आवृत्तीवरूनच ‘युनिकोड’मधील देवनागरीची मांडणी सिद्ध झाली. म्हणजे प्रत्येक वर्णाला एक निश्चित क्रमांक, हे तत्त्व मराठीला तेव्हाच उपलब्ध होते. परंतु छपाईच्या व्यवहाराने दुसरी वाट धरली. रोमन अक्षरांसाठी राखून ठेवलेल्या क्रमांकांवर देवनागरीच्या आकृती बसविणारे फाँट प्रचारात आले. अशा धारिकेत संगणकाच्या लेखी मराठी मजकूर नसतोच. रोमन अक्षरे व चिन्हे असतात, आणि विशिष्ट फाँट त्यांना मराठीचा वेष चढवतो. तो फाँट नसेल तर पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग दिसते. भिन्न निर्मात्यांचे फाँट भिन्न क्रमांक वापरीत असल्याने एकाची किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला लागत नाही.

लोणावळ्यापासून काही मैलांवर असलेल्या कार्ल्याच्या लेण्यांत ब्राह्मी लिपीतील दानलेख कोरलेले आहेत. ही लिपी वाचण्याचे ज्ञान शतकानुशतके लुप्त होते. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप याने ती उलगडली आणि देशभरातील असे लेख पुन्हा बोलू लागले. हे शक्य झाले, कारण एका चिन्हाला एक ध्वनी हा संकेत सर्वत्र समान होता. एका ठिकाणी उलगडा होताच तो दुसऱ्या ठिकाणी उपयोगी पडला. फाँटबद्ध धारिकांत नेमका हाच समान संकेत नाही. १९९५ साली टंकलिखित झालेला प्रबंध किंवा अनियतकालिकाचा अंक कागदावर सुवाच्य असतो. परंतु त्याची संगणकीय प्रत त्या फाँटाच्या आयुष्याशी जखडलेली असते. असा प्रबंध ‘शोधगंगा’सारख्या राष्ट्रीय भांडारात दाखल झाला, तरी त्यातील एखादा शब्द शोधू पाहणाऱ्यास तो सापडणार नाही. संग्रह होतो, संशोधन होत नाही.

युनिकोडने सर्व प्रश्न सोडविले, असेही मानण्याचे कारण नाही. आडवा अर्धा ‘र’ त्यात दोन मार्गांनी लिहिता येतो: ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा ‘र’ व हलन्त यांच्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात. सरळ शोध घेणाऱ्या यंत्राला मात्र ते दोन शब्द असतात. ‘ॲ’ या वर्णाला स्वतंत्र क्रमांक २००८ मध्ये मिळाला. तत्पूर्वी तो ‘अ’वर चंद्र देऊन लिहिला जात असे आणि आजही अनेक जण तसाच लिहितात. हस्तलिखितांतील पाठभेद नोंदविणाऱ्या अभ्यासकाला हा प्रकार अपरिचित वाटू नये. भेद इतकाच, की हे पाठभेद डोळ्यांना दिसत नाहीत. शब्दसूची किंवा वारंवारतेचा तक्ता सिद्ध करण्यापूर्वी संहितेचे या दृष्टीने एकरूपीकरण करणे, ही आता पाठचिकित्सेची पहिली पायरी ठरावयास हवी.

‘अक्षर’ या संकल्पनेबाबतही साधन आणि भाषा यांच्यात अंतर आहे. संकेतस्थळांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘जावास्क्रिप्ट’ या भाषेत ‘लोणावळा’ या शब्दाची लांबी विचारली असता उत्तर चार न येता सात येते. कारण काना-मात्रा स्वतंत्र मोजल्या जातात. मोबाईलवरील एका लघुसंदेशात रोमन लिपीला १६० जागा मिळतात, देवनागरीला ७०, आणि त्या सत्तरांतही प्रत्येक काना आपली जागा अडवतो. मोठ्या अभंगाच्या चरणांत सहा, सहा, सहा व चार अशी अक्षरे अपेक्षित असतात. ही मोजणी यंत्राकडे सोपविणाऱ्या अभ्यासकाने यंत्र ‘अक्षर’ कशाला म्हणते हे आधी तपासले नाही, तर त्याचा निष्कर्ष मुळातच फसेल. जोडाक्षर एकसंध मानण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ साली, समाविष्ट झाला. मराठी छंदःशास्त्राने जे केव्हाच गृहीत धरले होते ते तंत्राला इतक्या उशिरा उमगावे, यात तंत्रज्ञांइतकाच दोष भाषाभ्यासकांच्या मौनाचाही आहे.

हे मौन अपरिहार्य नव्हते. ‘विंडोज २०००’ बरोबर आलेला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी घडविला. सुलेखनकार आणि आय.आय.टी. मुंबईतील अध्यापक असलेले जोशी मराठीतील प्रयोगशील कवीही होते. अक्षराचा दृश्य विचार करणारा कवीच साधनाच्या निर्मितीत उतरला, हे उदाहरण एकाकी राहावयास नको होते. पुढे महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयान्वये मराठी वर्णमाला अद्ययावत केली आणि ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे निश्चित केली. आजचे चांगले फाँट मजकूर मराठीचा आहे असे सांगितल्यास ही वळणे देऊ शकतात. परंतु संकेतस्थळ रचणाऱ्याने ती खूण करावयास हवी, आणि ती व्हावी असा आग्रह वाचकाने धरावयास हवा.

जुन्या साधनांवर सरसकट ठपका ठेवणे अन्यायाचे होईल. त्या काळी छापखान्यांत रुळलेल्या पृष्ठरचनेच्या आज्ञावलींना युनिकोडची देवनागरी पेलत नव्हती. फाँटबद्ध पद्धतीमुळेच छोट्या गावांतील स्मरणिका आणि अल्प भांडवलावरील नियतकालिके निघू शकली. त्या साधनांनी मराठी छपाई तगवली, हे मान्य करावयास हवे. प्रश्न आहे तो ती अडचण दूर झाल्यानंतरही चालू राहिलेल्या सवयीचा.

तंत्रज्ञ वेग, सोय आणि किंमत या कसोट्या लावतो. मराठीच्या अभ्यासकाने त्यांत आणखी तीन कसोट्यांची भर घालणे अगत्याचे आहे. साधनात साठविलेली संहिता त्या साधनावाचून वाचता येते काय? मराठीचे व्यवच्छेदक वर्ण त्यात विनासायास आणि एकाच रूपात उमटतात काय? आणि साधनाचा निर्माता उद्या व्यवसायातून निवृत्त झाला, तर संहिता आपल्या हाती उरते काय? या कसोट्यांना उतरणारी साधने आज विनामूल्य उपलब्ध आहेत. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी प्रबंधाच्या मुद्रित प्रतीबरोबर युनिकोडमधील साधी संहिता सक्तीची करावी, संशोधनपद्धतीच्या अभ्यासक्रमात इनस्क्रिप्टचा व संहितेच्या एकरूपीकरणाचा समावेश करावा, आणि आपल्या कपाटांत पडून असलेल्या जुन्या धारिकांचे रूपांतर, त्या टंकलिखित करणारे व त्यांचे फाँट ओळखणारे लोक हयात आहेत तोवर, हाती घ्यावे. तिसऱ्या कामाला मुदत आहे आणि ती वाढवून मिळणारी नाही.