हॉटेलला गावाचा साज, कारागिराला काम

जुन्या हॉटेलची दुरुस्ती करताना त्याला खेड्यातल्या घराचा साज चढवण्याची पद्धत आपल्या राज्यातही रुजली आहे. गोष्ट नवी नव्हे. अहमदाबादेत 1978 साली ‘विशाला’ हे गावाच्या धर्तीचे भोजनगृह सुरू झाले आणि 1981 मध्ये त्याला जुन्या भांड्यांच्या संग्रहालयाची जोड मिळाली.

नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनासाठी देशभरातून यात्रेकरू येतात. 2008 साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीला तर येथे मोठी गर्दी लोटली होती. अशा शहरातील जुन्या लॉजच्या मालकांनी गावाचा साज जरूर चढवावा. आमचा सवाल एवढाच की, या कामाचा पैसा कोणाच्या घरात जाणार?

बहुतेक ठिकाणी सिमेंटवर मातीचा रंग फासतात, प्लॅस्टिकचे कंदील टांगतात आणि खिडकीला पॉलिस्टरचा छापील पडदा लावतात. पॉलिस्टर आम्ही कापडवालेही विकतो, त्यात गैर काही नाही. पण गाव म्हणून गिऱ्हाइकाला ते दाखवणे बरे नव्हे. लातूर जिल्ह्यात उदगीरला राष्ट्रध्वजाची खादी विणली जाते. ज्या मुलुखातले कापड देशाच्या झेंड्याला चालते, ते हॉटेलच्या पडद्याला का चालू नये? सागवानी चौकटीला सुतार, कड्या-कोयंड्यांना लोहार, शहाबादी फरशीला गवंडी, गादी-लोडांना पिंजारी, हे सारे हुनर आपल्या मोहल्ल्यांत आहे.

मात्र नक्कल करताना अक्कल गहाण ठेवू नये. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात सुमारे 8,000 माणसे दगावली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे वजनदार माळवद, हेच अनेकांच्या अंगावर आले. म्हणून चौक, ओसरी, कोनाडे घ्यावेत; उन्हाळ्यात थंडावा देणारी मोकळी हवा व सावली घ्यावी; पण जुन्या इमारतीच्या डोक्यावर मातीचे ओझे चढवू नये. इंजिनिअरला विचारल्याशिवाय एकही भिंत हलवू नये.

आता आपल्या कारागीर बंधूंना दोन शब्द. एकेकट्याने मालकाकडे गेलात तर मधला ठेकेदार भाव पाडेल. सुतार, लोहार, गवंडी, पिंजारी यांनी मिळून एका खोलीचा नमुना तयार करावा आणि पूर्ण कामाचा एकच भाव सांगावा. मुदत, मालाची जात, उचल आणि बाकी कागदावर घ्यावी. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम कुरआनने दिला आहे (सूरह बकरा, आयत 282). तो आपण वाचतो, पण धंद्यात विसरतो. कबूल केलेल्या तारखेला काम हातात द्यावे, कारण हॉटेलवाल्याचा सीझन कोणासाठी थांबत नाही.

मालकांनीही हिशोब करावा. प्लॅस्टिकचे गाव चार वर्षांत फिके पडते. कारागिराच्या हातची चौकट नातवंडांनाही पुरते आणि तिची मजुरी इथल्याच बाजारात फिरते.