स्वप्नात भान ठेवण्याचा अभ्यास

मराठीत स्वप्न ‘पडते’. पाऊस पडावा तसे ते पडते आणि आपण निमूटपणे भिजतो. तथापि काही जणांना स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असे उमगते, आणि झोप मात्र मोडत नाही. डच मनोवैद्य फ्रेडरिक व्हान एडन यांनी १९१३ मध्ये अशा स्वप्नांवर निबंध वाचला. आम्ही त्यांस ‘सजग स्वप्न’ म्हणू. तिबेटी बौद्धांच्या नारोपाप्रणीत सहा योगांत स्वप्नयोग फार पूर्वीपासून आहे, हे जाता जाता सांगावयास हवे.

हा कल्पनेचा खेळ नव्हे, हे दिसून येण्यास मात्र १९७५ साल उजाडावे लागले. स्वप्ननिद्रेत अंगाचे स्नायू लुळे पडतात. डोळे तेवढे हलतात. इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी ॲलन वर्स्ली यांच्याशी ठरविले, की स्वप्नात भान आले म्हणजे डोळे ठरावीक वेळा डावी-उजवीकडे फिरवावयाचे. त्यांनी ते फिरविले. यंत्रावर रेघा उमटल्या, आणि मेंदूचा आलेख तर निद्रेचाच होता! पुढे स्टॅनफर्ड येथे स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे तेच दाखविले व सरावाची पद्धत बसविली.

उशाशी वही ठेवावी. जाग येताच कूस न बदलता स्वप्न आठवावे, मग लिहावे. काही दिवसांत आपल्या खुणा कळू लागतात: ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील केव्हाच विकलेला वाडा, निवर्तलेली आजी, अभ्यास न करता दिलेली परीक्षा. दिवसाही ‘मी जागा आहे ना?’ असे मनापासून विचारावे व एखादी ओळ दोनदा वाचावी. स्वप्नातील अक्षरे सहसा दुसऱ्यांदा तशीच राहत नाहीत.

मुख्य साधन संकल्पाचे. पाच तासांच्या झोपेनंतर गजर लावून उठावे, नुकतेच पडलेले स्वप्न आठवावे, त्यातली खूण ओळखल्याचे चित्र मनाशी रंगवावे आणि ‘पुढच्या स्वप्नात हे स्वप्न असल्याचे मला आठवेल’ असे घोकत पुन्हा निजावे. पहाटेची स्वप्ने खरी होतात, ही समजूत आम्ही बाजूस ठेवतो. ती लांब असतात, एवढे खरे. २०१७ च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात हे सर्व उपाय एकत्र करणाऱ्या ४७ जणांना आठवडाभरात सुमारे १७ टक्के प्रयत्नांत यश आले. संकल्पानंतर पाच मिनिटांत ज्यांचा डोळा लागला, त्यांचे यश ४६ टक्क्यांच्या घरात गेले.

उपयोग काय, असे वाचक विचारतील. ज्याच्या मागे रात्रीमागून रात्री कोणी धावते, त्याला एके रात्री थांबून मागे वळता येते. आमच्या मते एवढ्यासाठीही हा खटाटोप सार्थ आहे. मात्र किंमत झोपेची द्यावी लागते. म्हणून रोज गजर लावू नये; रविवारची पहाट पुरे. अंगावर तान्हे मूल असणाऱ्यांनी किंवा रात्रपाळी करणाऱ्यांनी झोप आणखी मोडू नये. ज्यांना भास होतात, त्यांनी तर वैद्यांच्या सल्ल्यावाचून या वाटेस जाऊच नये.

प्रथम भान येते तेव्हा आनंदाच्या भरात बहुतेकांना जागच येते. अशा वेळी स्वप्नातलेच तळहात एकमेकांवर चोळीत राहावे. पुष्कळदा स्वप्न टिकते.