लेबल मेकर घेताय? आधी आईला विचारा

शनिवारची सकाळ आहे, नळ येऊन गेलेत, चहाचा दुसरा कप शेजारी आहे आणि आज मला भांडायचं आहे.

कशावरून? लेबल मेकरवरून. हसू नका. परवा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये आमच्या टीममधल्या एका नव्या मुलाने विचारलं, "दादा, घरी छोटंसं वर्कशॉप लावून राहिलो. लेबल मेकर कोणता घेऊ?" बस्स! टेबलावर आम्ही सहा जण. पाच जणांनी पाच मॉडेलं सांगितली. कोणी टेपची रुंदी सांगितली, कोणी ब्लूटूथ, कोणी ऑनलाईन सेलची तारीख. एकानेही विचारलं नाही की बाबा रे, तू लेबल लावणार कशावर आणि ते वाचणार कोण?

सहावा मी. मीपण गप्पच बसलो, कारण मला जे सांगायचं होतं ते पोळी-भाजी खाता खाता सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून इथे लिहितोय. एका वाक्यात सांगायचं तर: लेबल मेकर निवडताना आपल्याला वाटतं आपण मशीन निवडतोय, पण खरं म्हणजे आपण घरातल्या वस्तूंची नावं निवडत असतो. आणि ती निवड आपण मशीनवर सोडून मोकळे होतो.

आता थोडं मागे जातो. आमच्या घरामागे पत्र्याची एक खोली आहे. बाबा रेल्वेत फिटर होते, ते त्या खोलीला 'कारखाना' म्हणायचे. एक वाईस, एक ग्राइंडर, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने आणि खाली फळ्यांवर बोर्नव्हिटाचे, डालड्याचे जुने डबे. प्रत्येक डब्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने बाबांच्या अक्षरात नाव. 'दहा-अकरा'. 'बारा-तेरा'. 'चुका, पाऊण इंची'. (नवीन मंडळींसाठी: चूक म्हणजे बारीक खिळा. माझ्या एका मित्राने तो डबा पाहून "हा तुमचा बग ट्रॅकर का?" असं विचारलं होतं.) आणि माझा सगळ्यात आवडता: 'कूलरचे बोल्ट. मार्चमध्ये लागतात.' यात वस्तू आहे, काम आहे आणि वेळ पण आहे. मी इतकी वर्षं कोड लिहितोय, याच्यापेक्षा चांगली कॉमेंट मला अजून लिहिता आलेली नाही.

बाबा गेल्यानंतर दोन वर्षांनी, 2018 च्या दिवाळीत, मी तो कारखाना 'ऑर्गनाईज' करायला घेतला. पारदर्शक ड्रॉवर आणले. आणि एक लेबल मेकर आणला, हातात मावणारा, किबोर्डवाला. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हताच. मशीन उत्तम होतं. अक्षरं अशी सुबक की बघत राहावं. तीन शनिवार मी लेबलं छापत होतो आणि जुन्या डब्यांवरचा पेंट पॉलिश पेपरने घासून काढत होतो. होय, घासून काढत होतो. त्याबद्दल नंतर.

आता त्या मशीनने माझ्याकडून काय काय करून घेतलं ते बघा. एक, त्यात देवनागरी नव्हती, म्हणून सगळं इंग्रजीत. दोन, टेप महाग. आणि बऱ्याच लॅमिनेटेड टेपच्या मशीनांत छपाईचं हेड आणि कटर यांच्यात अंतर असतं, त्यामुळे प्रत्येक लेबलाच्या आधी जवळपास अडीच सेंटीमीटर टेप कोरीच बाहेर येते. हिशोब करा. आठ मीटरची कॅसेट, लेबल पाच सेंटीमीटरचं. दीडशेच्या वर निघायला हवीत, निघतात शंभर-सव्वाशे. एक तृतीयांश टेप सरळ कचऱ्यात. (बरीच लेबलं एका दमात सलग छापली तर हे वाचतं, पण हे मॅन्युअलच्या पोटात कुठेतरी लिहिलेलं असतं आणि मॅन्युअल कोण वाचतो?) मग मी काय केलं? शब्द छोटे केले. 'कूलरचे बोल्ट'चं झालं 'एम सिक्स हेक्स'. विजेच्या बोर्डावर तर कहरच. एका एमसीबीची रुंदी साधारण 18 मिलिमीटर. त्यात पूर्ण शब्द बसेना, म्हणून कूलरच्या सर्किटला 'सीएलआर' आणि सीलिंगच्या दिव्याला 'सीएलजी'. शेजारी शेजारी. मोठ्या इंग्रजी अक्षरांत, सुंदर, सरळ, एका रेषेत.

मे 2019. दुपारचे दोन. मी ऑफिसमध्ये, घरी आई एकटी. फोन आला. "अरे, कूलरला करंट येऊन राहिला. पंपाला हात लागला तर झिणझिण्या आल्या."

मी म्हटलं, "आई, हात लावू नको. मागच्या खोलीतल्या बोर्डावर सीएलआर लिहिलंय, ते बटण खाली कर."

तिने केलं. कारखान्यातला दिवा गेला, अंधार झाला. अंधार झाला म्हणजे लाईट गेली, बरोबर? कोणीही हेच समजेल. तिने बंद केलं होतं 'सीएलजी'. परत येऊन तिने कूलरची जाळी काढायला हात घातला आणि झटका बसला. पायात रबरी चप्पल होती. हात मागे फेकला गेला, कोपर दाराला लागलं, एवढ्यावर निभावलं. मी फोनवर फक्त भांडं पडल्याचा आवाज ऐकला आणि त्यानंतरची दहा-पंधरा सेकंदं मला अजून आठवतात.

विदर्भातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या येतात आणि दर उन्हाळ्यात महावितरण सांगतं की पाणी भरण्याआधी वीज बंद करा, प्लग काढा, अर्थिंग तपासा. आमच्याकडे तेव्हा आरसीसीबी नव्हता. ही चूक शंभर टक्के माझी. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवतो, माणसाला नाही; माणसासाठी 30 मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी लागतो. तो त्याच आठवड्यात बसवला. पण आरसीसीबी असता तरी लेबल चुकीचंच राहिलं असतं.

आणि आता इथे कोणी "आईंना इंग्रजी येत नसेल" असं म्हणण्याआधी थांबा. माझ्या आईने शाळेत गणित शिकवलंय. तिला इंग्रजी छान येतं. त्या संध्याकाळी कोपराला बर्फ लावत ती म्हणाली, "काहून रे, 'कूलर' लिहायला काय झालं होतं?" माझ्याकडे उत्तर होतं. टेप वाचवत होतो. पण हे उत्तर आईला तोंडावर देता येत नाही.

असो. तर आता मुद्द्याचं. लेबल मेकर घ्यायचाच असेल तर तीन प्रश्न, याच क्रमाने.

पहिला: वाचणार कोण? लेबल लावणाऱ्याला लेबलाची गरज सगळ्यात कमी असते, त्याला माहीतच असतं. लेबल असतं ते तुम्ही घरी नसताना. आई, बायको, शेजारचे काका, मिस्त्री. आपल्या नागपुरात येणारे निम्मे मिस्त्री बालाघाट-छिंदवाड्याकडचे, देवनागरी तेही सहज वाचतात. म्हणजे मशीन देवनागरी छापतं का, हा पहिला प्रश्न आहे, चौदावा नाही. पट्टीवर अक्षरं उठवणाऱ्या डायमो कंपनीचा जन्म 1958 चा. त्या चाकावर एकेक सुटं अक्षर, तिथे जोडाक्षरं आणि वेलांट्या बसणं अवघडच, मान्य. ब्रदरचं पहिलं पी-टच 1988 चं. पण 1991 साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली तेव्हा त्यात देवनागरी होती. त्यानंतर सबब कसली? खुशखबर अशी की फोनला किंवा कॉम्प्युटरला जोडायच्या मशीनांत हा प्रश्न बहुतेक सुटतो, कारण अक्षरांचं चित्र फोन बनवतो, मशीन फक्त ठिपके छापतं. पण एक लक्षात ठेवा. देवनागरी तीन मजली आहे: वर वेलांटी आणि रफार, मध्ये अक्षर, खाली उकार. 12 मिलिमीटरच्या टेपवर, मिलिमीटरला आठ ठिपके धरले, तर उंचीला जास्तीत जास्त 96 ठिपके, तेही तीन मजल्यांत वाटून. म्हणून डब्यांसाठी 18 किंवा 24 ची टेप घेणारं मशीन बघा.

दुसरा: मे महिन्यात त्याचं काय होईल? मे 2024 मध्ये नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने 56 डिग्री दाखवलं होतं, नंतर हवामान खात्याने ती सेन्सरची चूक ठरवली. 56 खोटं, पण 45 तर आपण बऱ्याचदा बघतो, आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. स्वस्त ब्लूटूथ मशीनं बहुतेक थेट थर्मल असतात, म्हणजे एटीएमच्या पावतीचाच प्रकार. शाई नाही, उष्णतेने कागद काळा होतो. ऊन लागलं की अक्षर उडतं, तेलाचा हात लागला की उडतं. किचनमधल्या बरण्यांना चालेल. वर्कशॉपला लॅमिनेटेड टेप हवी, जिच्यात अक्षर दोन फिल्मच्या मध्ये सुरक्षित बसतं.

तिसरा: पाच वर्षांनी टेप कोणाकडून घेणार? मशीन स्वस्त, टेप महाग, हा धंदा प्रिंटरवाल्यांपासून आपल्याला माहीत आहे. डायमोने तर लेबलरायटर 550 या मालिकेत लेबलांच्या रोलमध्येच चिप घातली, दुसऱ्याचा रोल चालत नाही. 2022 च्या सुरुवातीला त्यावर बरीच बोंबाबोंब झाली. आपण ऑफिसात व्हेंडर लॉक-इनवर तासभर भाषण देतो आणि घरी येऊन हे विकत घेतो! शिवाय जे मशीन फक्त कंपनीच्या ऍपवर चालतं, ते ऍप बंद पडलं की संपलं. म्हणून कॉम्प्युटरला साधा प्रिंटर म्हणून जोडता येणारं बघा.

आता तुमचे आक्षेप. "हे मराठी पाट्यांचं राजकारण घरात कशाला?" तसं नाहीये. सरकारने 2022 साली कायदा बदलून छोट्या दुकानांनाही देवनागरी पाटी सक्तीची केली, सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर 2023 मध्ये मुंबईच्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, आणि आपण व्हॉट्सॲपवर त्याचं जोरदार समर्थन केलं. त्यात अटही आहे की मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको. छान. पण स्वतःच्या घरातल्या विजेच्या बोर्डावर काय आहे? मी अभिमानाबद्दल बोलतच नाहीये. वाचणाऱ्याबद्दल बोलतोय. माझ्या कॅपॅसिटरच्या ड्रॉवरवर आजही इंग्रजीच आहे, कारण ते वाचणारा घरात मी एकटाच.

"माझं अक्षर घाण आहे." हळू लिहा, मोठं लिहा. बाबांचं अक्षर काही मोत्यासारखं नव्हतं.

"एमसीबीवर जागाच नसते." बरोबर. म्हणून तिथे फक्त मोठा आकडा लिहा, आणि बोर्डाच्या दाराच्या आत एक यादी चिकटवा: '3: कूलर आणि मागच्या खोलीचे प्लग'. याला मशीनच लागत नाही, कागद आणि चिकटपट्टी पुरते.

आणि हाच माझा खरा सल्ला आहे. पहिले सहा महिने मशीन घेऊच नका. एक पेंट मार्कर घ्या. हाताने लिहिताना टेप वाचवायची नसते, त्यामुळे माणूस पूर्ण वाक्य लिहितो. सहा महिन्यांत कोणती नावं टिकतात ते कळेल, मग खुशाल छापा.

बाबांचे डबे मी घासले ते गेलेच. फोटोसुद्धा काढले नव्हते. बॅकअप न घेता डिलीट, आणि म्हणे इंजिनिअर. एकच डबा वाचला, बेंचखाली सरकला होता म्हणून. मागच्या मार्चमध्ये कूलर काढला तेव्हा आईने तोच बरोबर आणून दिला, मला न विचारता.

त्या टीममधल्या मुलाला सोमवारी हे सगळं सांगणार आहे. तुम्ही तोवर एक करा. घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी बोर्डासमोर उभं करा आणि म्हणा, "कूलरची लाईन बंद कर." आणि तुम्ही गप्प उभे राहा. बोट दाखवायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. पहिल्या झटक्यात जमलं, तर तुमची लेबलं चांगली आहेत, मग ती कोणत्याही मशीनची असोत. नाही जमलं, तर दुकानात जायच्या आधी मार्कर शोधा.