जड पाणी आणि बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा

तुरीची डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गीझरची कॉइल लवकर जाते आणि नळाखालची फरशी कितीही घासली तरी पांढरीच. तक्रारी चार दिसतात, पण त्यांचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं, पाण्यातला चुना. शाळेच्या पुस्तकात या पाण्याला 'दुष्फेन' म्हणतात, आपण घरात जड पाणी म्हणतो आणि कन्नड शाळेत शिकणारी आपली मुलं 'गडसु नीरु' म्हणतात.

हा चुना येतो कुठून आणि बसतो कसा, हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर तापीकाठच्या बऱ्हाणपूरला जावं. तिथला कुंडी भंडारा (लोक खूनी भंडाराही म्हणतात) १६१५ च्या सुमाराचा. त्या काळी अब्दुल रहीम खानखाना तिथे होते. हिंदीच्या पुस्तकात ज्यांचे दोहे आपण पाठ केले, तेच हे रहीम. तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकारानं सातपुड्याच्या उतारावरून जमिनीखालून तापीकडे झिरपणारं पाणी हेरलं, ते वाटेतच अडवलं आणि शंभरावर कुंड्या भुयारानं जोडून नुसत्या उतारावर शहरापर्यंत आणलं. ना मोट, ना पंप. आपल्या बिदरजवळ नौबादला बहामनी काळातली 'सुरंग बावी' आहे, मराठवाड्यात मलिक अंबरची नहर आहे, त्याच घराण्यातली ही विद्या.

या भुयाराच्या भिंतींवर चुन्याचे जाड पांढरे थर चढले आहेत. पावसाचं पाणी मातीतून मुरताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आंबट होतं आणि खडकातला चुना विरघळवून सोबत आणतं. भुयारात त्याला मोकळी हवा मिळाली की वायू उडून जातो आणि चुना भिंतीला धरतो. चहाच्या किटलीत हेच घडतं. भुयाराला वर्षानुवर्षं लागतात ते काम उष्णता दहा मिनिटांत उरकते, एवढाच फरक. २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत या भंडाऱ्याचं नाव गेलं. मग तरी हे थर आणि आजूबाजूच्या बोअरवेलनी खाली नेलेली पाण्याची पातळी यांच्याकडे नीट लक्ष जावं, नाहीतर यादीचा उपयोग काय?

आता गंमत बघा. या भंडाऱ्याचं पाणी बऱ्हाणपूरकर पिढ्यान्पिढ्या अभिमानानं पीत आले. आपण मात्र किटलीत पांढरं दिसलं की घाबरून मशीनवाल्याला फोन करतो. पाण्यातला चुना म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. केवळ जडपणामुळे पाणी आरोग्याला घातक ठरतं असा ठोस पुरावा जागतिक आरोग्य संघटनेला मिळालेला नाही. आपल्या भारतीय मानकात लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत जडपणा चांगला मानला आहे आणि दुसरं पाणी नसेल तर ६०० पर्यंत चालतो. जंतू, नायट्रेट, फ्लोराइड ही वेगळी दुखणी. त्यांची तपासणी प्रयोगशाळेत करून घ्यायलाच हवी, पण त्यांचा किटलीतल्या पांढऱ्या थराशी संबंध नाही.

आरओ मशीन चुना काढतं हे खरं. पण घरगुती मशीन एक लिटर शुद्ध पाण्यामागे बहुधा दोन-तीन लिटर मोरीत सोडतं. एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहणाऱ्या गावात हे परवडतं का? पाण्यात विरघळलेले एकूण क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तर आरओवर बंदी घालावी, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये सांगितलं होतं. म्हणून आधी पाणी तपासावं, मग खरेदी. मशीन असेलच तर सुटलेलं पाणी बादलीत धरून फरशीला, संडासाला वापरावं. नुसत्या यूव्ही दिव्यानं किंवा तुरटीनं जडपणा जात नाही. पाइपला लोहचुंबक बांधून देणारे विक्रेतेही फिरतात. त्यांच्या दाव्यांना भरवशाचा आधार मला कुठे दिसला नाही.

स्वयंपाकापुरता उपाय सोपा आहे. पाणी पाच-दहा मिनिटं खळखळून उकळावं, निवू द्यावं, तळाशी बसलेलं न ढवळता वरचं पाणी काढून घ्यावं. डाळ त्यातच भिजवावी आणि शिजवावी. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ शिजल्यावरच. वरण असो की सारु, आंबटानं डाळ आणखी दडते. चिमूटभर खायचा सोडा घातला तर डाळ गळते, पण ब जीवनसत्त्वाचा काही भाग जातो, तेव्हा रोज नको. उकळून सगळाच जडपणा जातो असंही नाही. सल्फेट आणि क्लोराइडचा उरतोच. कपड्यांच्या पाण्यात त्यासाठी थोडा धुण्याचा सोडा आधी विरघळवावा, मग साबण लावावा. केसांना शिकेकाई-रिठा वापरणाऱ्या आज्या काही अडाणी नव्हत्या. साबणाचा जड पाण्यात चिकट साका होतो, रिठ्याचा होत नाही.

गीझर फार तापवू नये. पन्नास-पंचावन्न अंशांवर ठेवला तर चुना कमी बसतो, वीजही वाचते. किटलीला आणि शॉवरच्या जाळीला लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, कोमट पाण्यात घालून तासभर भिजवून ठेवावं. थर आपोआप सुटतो. हीटरच्या रॉडलाही हेच, पण प्लग काढून आणि रॉड गार झाल्यावरच. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये, विषारी वायू निघतो.

हल्ली बंगल्यांतून मिठावर चालणारं सॉफ्टनर बसवतात. गीझर आणि वॉशिंग मशीनसाठी ते चांगलं. मात्र ते चुना काढून त्या जागी सोडियम सोडतं. घरात रक्तदाबाचं किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असलेलं कुणी असेल तर स्वयंपाकघराचा नळ त्या जोडणीतून वेगळा काढायला प्लंबरला आधीच सांगावं, आणि तुळशीलाही ते पाणी घालू नये.