'एरर येते' एवढ्याने भागत नाही

1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू झाल्यापासून कापडाच्या छोट्या व्यापाऱ्यालाही संगणकापासून सुटका राहिलेली नाही. आपल्यापैकी पुष्कळ बंधू तयार सॉफ्टवेअर न घेता ओळखीच्या होतकरू मुलांकडून बिलाचा आणि स्टॉकचा प्रोग्रॅम बनवून घेतात. चांगली गोष्ट आहे, पैसा घरातल्या हुनराला मिळतो. परंतु या व्यवहारात एक वाद वारंवार होतो.

प्रोग्रॅम गादीवरच्या संगणकावर टाकण्याआधी चाचणीच्या वेगळ्या संगणकावर टाकून पाहतात. तेथे तो इन्स्टॉल होतानाच अडतो. मुलगा म्हणतो, "शेठ, माझ्याकडे तर चालतो." शेठ म्हणतात, "एरर येते." दोघेही खरे बोलतात आणि काम आठ-आठ दिवस पडून राहते.

कोणताही प्रोग्रॅम दुसऱ्यांनी लिहिलेल्या पॅकेजांवर उभा असतो, आणि ती पॅकेजे आणखी तिसऱ्यांच्या पॅकेजांवर. मार्च 2016 मध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाचे अवघ्या 11 ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमच्या भांडारातून काढून घेतले, तर जगभरच्या कितीतरी प्रोग्रॅमांचे इन्स्टॉल बंद पडले. त्यांतल्या अनेकांना आपण ते वापरतो हेही माहीत नव्हते! काही तासांत ते परत ठेवावे लागले.

पायथॉनमध्ये पॅकेजे उतरवणारे 'पिप' नावाचे साधन आहे. त्याचा एक निरोप नेहमीचा : 'कुड नॉट फाइंड अ व्हर्जन', म्हणजे मागितलेले व्हर्जन सापडले नाही. वाचणाऱ्याला वाटते माल बाजारातच नाही. पण नावात एक अक्षर चुकले तरी हाच निरोप येतो. संगणकावरचे पायथॉन त्या पॅकेजसाठी फार नवे किंवा फार जुने असले तरी येतो, पायथॉन 32 बिटचे आणि पॅकेज फक्त 64 बिटचे असले तरी येतो, आणि नेट बंद असले तरीही येतो. नेटचा दोष असेल तर वरच्या ओळींत पुन्हा पुन्हा प्रयत्न केल्याची नोंद असते. म्हणून शेवटच्या लाल ओळीचा मोबाइलवर फोटो काढून पाठवणे व्यर्थ आहे. सर्व मजकूर द्यावा, सोबत विंडोजचे आणि पायथॉनचे व्हर्जन लिहावे, आणि मुलाने तो वरून वाचत येऊन पहिली तक्रार शोधावी.

पोस्टग्रेस डेटाबेसशी जोडणारे 'सायकोपीजी2' घ्या. त्याचे इन्स्टॉल अडले की पानभर मजकूर येतो. त्यात मध्येच एक ओळ असते की 'पीजी-कॉन्फिग' सापडला नाही. हा पायथॉनचा भाग नव्हेच, तो पोस्टग्रेसबरोबर येतो. मुलाच्या संगणकावर पोस्टग्रेस पूर्वीपासून असेल तर त्याला ही अडचण कधी दिसणारच नाही.

ग्रे कापडाचा सौदा करताना आपण नुसते 'पॉपलिन पाठवा' म्हणत नाही. ताण्याचा काउंट, बाण्याचा काउंट, रीड, पिक, पन्हा, सर्व ठरते. मग प्रोग्रॅमच्या यादीत पॅकेजचे नुसते नाव का चालवून घ्यावे? नावापुढे नेमके व्हर्जन नसेल तर आज उतरलेला माल आणि तीन महिन्यांनी उतरलेला माल वेगळा निघू शकतो. मालातला ऐब सांगून विकणे आपल्यावर बंधनकारक आहे, तसेच आपला प्रोग्रॅम कशावर अवलंबून आहे हे लिहून देणे बनवणाऱ्यावर असावे. माझे मत असे की शेवटचा हप्ता तेव्हाच द्यावा, जेव्हा कोऱ्या संगणकावर, केवळ त्या लेखी यादीवरून, बनवणाऱ्याखेरीज दुसरा कोणी तो प्रोग्रॅम इन्स्टॉल करून दाखवील.

मात्र संगणकही धड द्यावा. चाचणीसाठी आपण गोदामातला सर्वांत जुना, विंडोज 7 चा संगणक काढून देतो. पायथॉन 3.9 पासून पुढची व्हर्जने विंडोज 7 वर चालतच नाहीत. गादीवर विंडोज 10 किंवा 11 असेल तर चाचणीलाही तेच हवे. जुन्या डब्यावर मुलाने आठ दिवस डोके फोडल्यावर 'उशीर झाला' म्हणून त्याची रक्कम कापणारे शेठ आपल्यातच आहेत. ती कापलेली रक्कम त्यांनी मुलाला परत द्यावी.