प्रौढांचा खेळ आणि पाण्याचा ताळेबंद

ज्या गृहस्थाने चाळीस वर्षे शेत कसले, त्याला त्याच्याच विहिरीच्या पाण्याविषयी काही शिकवावयाचे असेल तर ते कोणत्या रीतीने, हा प्रौढशिक्षण व कृषिविस्तार या क्षेत्रांतील आपणा सर्व कार्यकर्त्यांपुढील जुनाच प्रश्न आहे. व्याख्यानाला तो अदबीने बसतो, मान डोलावतो आणि घरी जाऊन ऊसच लावतो. कारण त्याचा अनुभव जमेस न धरता केलेला उपदेश, कितीही शास्त्रशुद्ध असला तरी, त्याला परका वाटतो.

या बाबतीत आंध्र प्रदेशातील दाखला मननीय आहे. फाउंडेशन फॉर इकॉलॉजिकल सिक्युरिटी या संस्थेने, आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्थेच्या अभ्यासकांसह, २०१३-१४च्या सुमारास तेथील गावांत एक साधा खेळ मांडला. पाच खेळाडूंपैकी प्रत्येकाने दर फेरीला कमी पाण्याचे व बेताच्या उत्पन्नाचे, अथवा भरपूर पाण्याचे व अधिक उत्पन्नाचे पीक निवडावयाचे. सर्वांच्या निवडीमुळे सामाईक भूजल किती खालावले ते फेरीअखेर जाहीर व्हावयाचे. काही डाव मुकाट्याने आणि काही परस्परांशी बोलून खेळावयाचे. पुढे पाहणी केली तेव्हा, जेथे खेळ झाला नव्हता त्या गावांपेक्षा खेळलेल्या गावांनी पाण्याच्या नोंदी ठेवण्याचे व उपशाचे नियम करण्याचे प्रमाण अधिक आढळले. डावात विहीर कोरडी पडली तरी घरचे नुकसान होत नाही, म्हणून चूक करण्याची मुभा मिळते; आणि प्रौढ मनुष्याला चारचौघांत ती मुभा एरवी क्वचितच लाभते.

खेळातून शिकविणे आपल्याकडे नवे नाही; सापशिडीसारख्या मोक्षपटाची परंपरा जुनी आहे. चढाओढीचा खेळही आपण पाहिला आहे. २०१६ साली वरूड, अंबेजोगाई व कोरेगाव या तीन तालुक्यांत आरंभ झालेल्या वॉटर कप या गावागावांतील जलसंधारणाच्या स्पर्धेने, जिचा पहिला मान कोरेगावातील वेळू गावाने मिळविला, चढाओढीच्या बळावर गावेच्या गावे श्रमदानास लावली. तथापि चढाओढीने बांध उभे राहतात. साठलेले पाणी कोणी किती उपसावे हा मामला संयमाचा आहे, आणि त्याला निराळाच खेळ हवा.

इंदापूर तालुक्यातील कळस हे अशा खेळासाठी योग्य गाव आहे, असे आमचे मत आहे. तालुका पर्जन्यछायेत, कालव्याच्या आवर्तनाची प्रतीक्षा नित्याची, आणि काळ्या खडकाच्या भेगांतून झिरपणारे पाणी बांधाची हद्द जाणत नसल्यामुळे एकाच्या बोअरचा परिणाम शेजाऱ्याच्या विहिरीवर होतो. ज्वारी, हरभरा, डाळिंब, ऊस यांच्या पाण्याचे व पैशाचे आकडे मात्र कचेरीतून नेऊ नयेत, गावकऱ्यांकडूनच घ्यावेत. पाणी शेंदणाऱ्या व पिकाला देणाऱ्या स्त्रियांनाही पटावर बसवावे. आणि खेळाला जितका वेळ, तितकाच नंतरच्या चर्चेला राखून ठेवावा, कारण खरे शिक्षण तेथेच घडते. त्या वेळी प्रशिक्षकाने प्रश्नपत्रिका काढली तर सारा डाव फुकट गेला. विहिरी तळाला गेलेल्या उन्हाळ्यात, आडसाली उसाच्या लागणीपूर्वी, हे डाव मांडावेत, आणि लागण झाल्यावर त्याच मंडळींची दुसरी बैठक बोलावून कोणी काय लावले ते विचारावे.