न्यायालय एक, कायदा एक. कारकुनाचा पगार मात्र अनेक

18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूर येथे मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. आदल्या दिवशी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांची मुंबईची वारी थांबली, याचा आनंद सर्वांनाच झाला आणि तो रास्त आहे. वकिलांच्या संघर्षाचे कौतुक झाले, राजकीय नेत्यांनी श्रेय वाटून घेतले, जागेची आणि इमारतीची चर्चा झाली. परंतु अशिलाची फाईल काखेत घेऊन सकाळी दहाच्या आत कोर्टात पोहोचणारा वकिलाचा कारकून, झाडाखाली टेबल टाकून अर्ज टाईप करणारा टायपिस्ट, समन्स घेऊन गावोगाव फिरणारा बेलिफ आणि नकला तयार करणारा कनिष्ठ लिपिक यांच्या पदरात काय पडले, हा प्रश्न कोणी विचारला नाही. आपण तो विचारला पाहिजे. कारण या रांगेत उभा असलेला माणूस बहुधा आपल्याच समाजातील असतो.

न्यायव्यवस्था म्हटले की आपल्याला काळा कोट आणि न्यायाधीशाची खुर्ची दिसते. पण न्यायालयाचा गाडा ओढतात ते शिरस्तेदार, नाझर, लघुलेखक, लिपिक, बेलिफ आणि शिपाई. न्यायालयाबाहेर तोच गाडा वकिलांचे कारकून, टायपिस्ट आणि दस्तलेखक ओढतात. या सर्वांच्या पगाराचा हिशेब मांडला तर असे दिसते की, माणूस कोणते काम करतो यापेक्षा ते काम तो कोठे बसून करतो आणि कोणासाठी करतो यावर त्याची मिळकत ठरते. ही उतरंड नीट समजून घेतल्याशिवाय आपल्या मुलामुलींना या क्षेत्रात जा असे सांगणे म्हणजे त्यांना डोळे बांधून रस्त्यावर सोडण्यासारखे आहे.

आधी सरकारी नोकरी पाहू. डिसेंबर 2023 मध्ये महाराष्ट्रातील जिल्हा न्यायालयांसाठी 4,629 पदांची जाहिरात निघाली. त्यात लघुलेखकाची 568, कनिष्ठ लिपिकाची 2,795 आणि शिपाई-हमालाची 1,266 पदे होती. लघुलेखकाची वेतनश्रेणी 38,600 रुपयांपासून, कनिष्ठ लिपिकाची 19,900 पासून आणि शिपायाची 15,000 पासून सुरू होणारी. आता उच्च न्यायालयातील लिपिकाच्या अलीकडच्या जाहिराती पाहा. तेथे लिपिकाची श्रेणी 29,200 पासून सुरू होते. पात्रता काय? दोन्हीकडे पदवी आणि टंकलेखन. इंग्रजी टंकलेखनाचा वेग दोन्हीकडे मिनिटाला 40 शब्द. मग मूळ वेतनात 9,300 रुपयांचा फरक कशासाठी? महागाई भत्ता आणि घरभाडे मूळ वेतनावरच मिळतात, निवृत्तीपर्यंत वाढत जातात. म्हणजे पहिल्या दिवशीचा हा फरक तीस वर्षांत केवढा होतो याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

घरभाड्याचा फरक आणखी वेगळा. सातव्या वेतन आयोगानुसार शहरांचे तीन वर्ग आहेत आणि भत्त्याचे मूळ दर 24, 16 आणि 8 टक्के. पुढे दर वाढले तरी तीन, दोन, एक हे प्रमाण कायम राहते. मुंबई-पुण्यात घरभाडे जास्त, म्हणून तेथे भत्ता जास्त, हे समजण्यासारखे आहे. या फरकाबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती बढतीबद्दल. जिल्हा न्यायालयातील कर्मचाऱ्याची नेमणूक जिल्ह्याच्या आस्थापनेवर होते आणि त्याची सेवाज्येष्ठताही तेथेच मोजली जाते. ज्या जिल्ह्यात न्यायालये जास्त, तेथे अधीक्षकाच्या जागा जास्त. गडचिरोली किंवा सिंधुदुर्गसारख्या लहान जिल्ह्यात वरच्या जागाच मोजक्या. तिथला हुशार लिपिक वर जाणार कोठे?

आता न्यायाधीशांकडे पाहू. त्यांच्या वेतनासाठी न्या. पी. व्यंकटरामा रेड्डी यांचा दुसरा राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोग 2017 मध्ये नेमला गेला. आज नव्याने रुजू होणाऱ्या दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांचे मूळ वेतन 77,840 रुपये आहे, मग तो चंद्रपूरला असो की केरळात की बिहारमध्ये. न्यायाधीशांना चांगला पगार मिळावा, त्याशिवाय ते निर्भय राहणार नाहीत, हे आम्हाला मान्य आहे. परंतु न्यायाधीशाच्या पुढ्यात बसून रोजनामा लिहिणाऱ्याचा पगार मात्र ज्या त्या राज्याच्या तिजोरीवर आणि मर्जीवर सोडलेला. न्यायव्यवस्था देशभर एकच आहे, म्हणून न्यायाधीशांचे वेतनही एकसारखे हवे, या तर्कावर हे वेतन ठरले. तोच तर्क खालच्या खुर्चीपर्यंत येता येता कोठे हरवतो?

असे नाही की हा विचार कधी झालाच नाही. न्या. के. जगन्नाथ शेट्टी यांच्या पहिल्या आयोगाने न्यायाधीशांबरोबर दुय्यम न्यायालयांतील कर्मचाऱ्यांचाही अभ्यास केला होता. कर्मचाऱ्यांसंबंधीच्या त्या शिफारशी 1 एप्रिल 2003 पासून लागू कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो 7 ऑक्टोबर 2009 रोजी. साडेसहा वर्षांची थकबाकी ठेवून मिळालेला हा न्याय. आणि त्यानंतर आलेला दुसरा आयोग केवळ न्यायिक अधिकाऱ्यांपुरता ठेवण्यात आला. कर्मचारी पुन्हा पायरीवरच.

ही झाली सरकारी नोकरी. तिला निदान श्रेणी आहे, भत्ता आहे. वकिलाच्या कारकुनाला यातले काहीच नाही. मुंबईच्या फोर्ट भागातील सॉलिसिटर फर्ममध्ये इंग्रजी जाणणारा, मूळ शाखेचे नियम तोंडपाठ असणारा मॅनेजिंग क्लार्क बऱ्यापैकी कमावतो. मोठ्या कंपन्यांचे करार तपासणाऱ्या कार्यालयांत संगणकावर काम करणाऱ्यालाही नियमित पगार मिळतो. नागपूर-औरंगाबादला उच्च न्यायालयाची खंडपीठे असल्याने तेथे मधली पायरी आहे. तालुक्याच्या कोर्टात मात्र कारकून म्हणजे वकील देईल ते आणि अशिलाने हातावर ठेवलेली 'कारकुनी'. कोर्टाला सुट्टी लागली की चूलही सुट्टीवर. आजारपण, अपघात, म्हातारपण यांची तरतूद नाही.

दर का पडतो? कारण कामाची भाषा. 1998 च्या अधिसूचनेनंतर महाराष्ट्रातील दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी आहे. उच्च न्यायालयाची भाषा संविधानाच्या अनुच्छेद 348 नुसार इंग्रजी. मराठी टंकलेखन तालुक्यात, स्वस्त. इंग्रजी लघुलेखन महानगरात, महाग. आणि इंग्रजी कोणाच्या घरात आहे? जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिकलेल्या आपल्या पोराला लघुलेखनाचा क्लासच तालुक्यात सापडत नाही. म्हणजे पगारातील हा प्रादेशिक फरक भूगोलाचा दिसतो, पण त्याच्या मुळाशी शिक्षणाची विषमता आहे आणि शिक्षणाच्या विषमतेच्या मुळाशी जात आहे.

दुसरे कारण ओळखीचे. वकिलाकडे कारकून लागतो तो जाहिरात वाचून नव्हे, नात्यागोत्यातून, जातीच्या विश्वासातून. बाबासाहेबांनी 1923 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली तेव्हा परदेशातील पदव्या असूनही सॉलिसिटर मंडळी अस्पृश्य बॅरिस्टरला काम देत नव्हती. त्यांना मुफसल कोर्टातील कामांवर भिस्त ठेवावी लागली. ज्या दारातून बॅरिस्टर आंबेडकरांना आत येऊ दिले नाही, त्या दारातून आपला टायपिस्ट सहज आत जाईल असे समजणे भाबडेपणाचे ठरेल.

तिसरे कारण कायद्याचे आहे. वकिलाचे कार्यालय हे दुकान किंवा व्यापारी आस्थापना नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने नागपूरच्या एका प्रकरणात 1960 च्या दशकातच म्हटले. केरळातील एका वकील फर्ममधील कारकुनाला कामावरून काढले, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1984 मध्ये निकाल लागला की वकिलाची कचेरी तिथल्या दुकाने कायद्याखाली व्यापारी आस्थापना ठरत नाही. कारकून हरला. इतरांच्या हक्कांसाठी कायद्याचा कीस काढणाऱ्या कचेरीतील नोकराला कामगार कायद्याचे हे छत्र मिळाले नाही, ही केवढी विसंगती!

पण केरळ तेथे थांबला नाही. 2003 मध्ये त्या राज्याने वकिलांच्या कारकुनांसाठी स्वतंत्र कल्याण निधी कायदा केला. त्याआधी 1999 मध्ये तामिळनाडूने असाच कायदा केला होता. महाराष्ट्रात वकिलांसाठी कल्याण निधीचा कायदा 1981 पासून आहे. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेऊन राज्य करणाऱ्यांना कारकुनाची आठवण त्याच तीव्रतेने का होत नाही? एकाच देशात, एकच काम करणाऱ्या माणसाच्या म्हातारपणाला चेन्नईत आणि कोचीत आधार असावा आणि परभणीत नसावा, याला समता म्हणायचे का?

आता यंत्र आले आहे. ई-कोर्टच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्राने 2023 मध्ये 7,210 कोटी रुपये मंजूर केले. ई-फायलिंग वाढेल तसे झाडाखालच्या टायपिस्टचे काम घटेल आणि स्कॅनिंग, अपलोडिंगचे काम वाढेल. हे काम कंत्राटदारामार्फत दिले गेले तर आरक्षणही गेले आणि श्रेणीही गेली. विकासाला आमचा विरोध नाही. पण जुन्या टायपिस्टला प्रशिक्षण देऊन या नव्या कामात घेणार की त्याचे टेबल उचलून फेकणार, हे सरकारने आणि उच्च न्यायालय प्रशासनाने स्पष्ट करावे.

एक आशेची गोष्टही नोंदवली पाहिजे. 24 जून 2025 च्या परिपत्रकाने सर्वोच्च न्यायालयाने आपल्या कर्मचारीवर्गाच्या थेट भरतीत व बढतीत अनुसूचित जातींना 15 टक्के आणि जमातींना 7.5 टक्के आरक्षणाची बिंदुनामावली लागू केली. 1950 मध्ये स्थापन झालेल्या न्यायालयाला यासाठी 75 वर्षे लागली आणि त्यासाठी सरन्यायाधीशाच्या खुर्चीवर अमरावतीचा आंबेडकरी घरातील माणूस बसावा लागला. मोक्याच्या जागेवर आपला माणूस असणे म्हणजे काय, याचे यापेक्षा बोलके उदाहरण नाही. अनुच्छेद 229 नुसार उच्च न्यायालयाच्या कर्मचाऱ्यांच्या नेमणुकीचा अधिकार तेथील मुख्य न्यायमूर्तींकडे आहे. म्हणून मागणीचा पत्ता आपल्याला माहीत असला पाहिजे.

मागण्या साध्या आहेत. दुय्यम न्यायालयांतील कर्मचाऱ्यांसाठी देशव्यापी वेतन आयोग नेमावा. समान पात्रतेच्या लिपिकाला जिल्हा आणि उच्च न्यायालयात समान श्रेणी द्यावी. लहान जिल्ह्यांतील कर्मचाऱ्यांना बढतीसाठी विभागीय ज्येष्ठता यादीचा विचार व्हावा. वकिलांच्या कारकुनांसाठी महाराष्ट्राने केरळ-तामिळनाडूच्या धर्तीवर स्वतंत्र कायदा करावा. आणि प्रत्येक जिल्हा न्यायालयाने आपल्या कर्मचाऱ्यांचा पदनिहाय व प्रवर्गनिहाय तक्ता जाहीर करावा, म्हणजे कोण खुर्चीवर आहे आणि कोण अजून झाडू-हमालीवरच आहे हे समाजाला कळेल.

समाजबांधवांनीही काही करावे. विहारात रविवारी वंदना होते, तेथे एका कोपऱ्यात संगणक आणि लघुलेखनाचा वर्ग का चालू नये? कोर्टाची जाहिरात निघाली की ती वस्तीतील शेवटच्या घरापर्यंत पोहोचवणे, अर्ज भरून देणे, बिंदुनामावली तपासणे, हे काम आपल्या कर्मचारी संघटनांनी अंगावर घ्यावे. आणि मुलांना सांगावे की कारकुनी ही पहिली पायरी आहे, मुक्काम नव्हे. दिवसा कोर्टात टाईप करून संध्याकाळी विधी महाविद्यालयात शिकलेली पोरे आपल्या समाजात कमी नाहीत.

संविधानाच्या उद्देशिकेत सामाजिक, आर्थिक व राजनैतिक न्याय हे शब्द आहेत. त्या संविधानाच्या नावाने चालणाऱ्या इमारतीत कागद पुढे सरकवणाऱ्या हातांना आर्थिक न्याय मिळत नसेल, तर बाहेरच्यांनी तो कोणाकडे मागायचा?